नोंदवहीआधीचे सारथी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत 1930च्या दशकात मोटारींच्या शर्यतींचा एक वेगळा प्रकार रुजला. त्यात शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली, उघड्या चाकांची गाडी नसे. कोणालाही विक्रेत्याकडून विकत घेता येईल अशी रोजच्या वापराची मोटार घ्यायची, थोडी ठाकठीक करायची आणि पळवायची. कारखान्यातून निघालेली ही गाडी म्हणजे स्टॉक कार. आज या शर्यतींचे नियमन करणारी नॅसकार ही संस्था अमेरिकेतील बड्या क्रीडाव्यवसायांत गणली जाते. तिच्या मुख्य मालिकेची अधिकृत आकडेवारी मात्र 1949च्या हंगामापासून मोजली जाते. त्याआधी दहा-बारा वर्षे ज्यांनी हा खेळ उभा केला ते चालक, मिस्त्री आणि पैसा पुरवणारे लोक या मोजणीबाहेर राहिले. त्यांच्यापैकी बरेच जण हातभट्टीच्या धंद्यातले होते, त्यामुळे त्यांचे नाव मानाने घेण्याची सोयही बराच काळ नव्हती.

हातभट्टी आणि फोर्ड

अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावरही दक्षिणेतील अनेक परगण्यांनी आपापल्या हद्दीत बंदी चालू ठेवली, आणि जिथे दारू कायदेशीर झाली तिथे तिच्यावर कर आला. त्यामुळे कर चुकवून गाळलेल्या दारूला गिऱ्हाईक कायम राहिले. जॉर्जिया, उत्तर कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांतील अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पायथ्याशी मक्याची शेती होती, जमीन हलकी होती आणि मंदीमुळे पिकाला भाव नव्हता. मका, साखर, यीस्ट आणि तांब्याची भट्टी एवढ्या सामग्रीवर घर चालत असे. जॉर्जियातील डॉसनव्हिल आणि उत्तर कॅरोलिनातील विल्क्स परगणा ही या धंद्याची नावाजलेली ठाणी होती.

माल गाळणे हे अर्धेच काम होते. तो रातोरात शहरात पोहोचवणे हे खरे जोखमीचे. डॉसनव्हिल ते अटलांटा हे सुमारे 100 किलोमीटरचे अंतर वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यांवरून कापावे लागे आणि वाटेत अबकारी खात्याचे अधिकारी दबा धरून बसलेले असत. फोर्ड कंपनीने 1932 मध्ये आठ सिलिंडरचे व्ही-8 इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत बसवले आणि या चालकांना हवे ते हत्यार मिळाले. गाडी दमदार होती, सुटे भाग कुठेही मिळत आणि रस्त्यावर तशाच हजारो गाड्या असल्याने ती नजरेत भरत नसे. 1939 आणि 1940 सालची दोन दारांची फोर्ड विशेष पसंतीची होती, कारण तिची डिकी प्रशस्त होती.

मिस्त्री या गाडीत बाहेरून न दिसणारे बदल करत. इंजिनाचे सिलिंडर वाढवून घेत, जादा कार्ब्युरेटर बसवत आणि मागच्या स्प्रिंगा अधिक कडक करत. स्प्रिंगांचे कारण साधे होते. मागे शंभर गॅलन, म्हणजे जवळपास 400 लिटर दारू भरली की साध्या गाडीचा मागचा भाग खाली बसे आणि पोलिसांना लांबूनच संशय येई. कडक स्प्रिंगांवर तीच भरलेली गाडी समपातळीत दिसे. उलट माल उतरवून परतताना तिची शेपटी वर उचललेली दिसे आणि जाणकार अधिकारी त्यावरूनही ती ओळखत. पुढे याच स्प्रिंगांमुळे नॅसकारच्या पहिल्या मोठ्या शर्यतीचा निकाल फिरला.

कोणाची गाडी जास्त पळते हा वाद या चालकांत नेहमीचाच. तो मिटवण्यासाठी ते रविवारी एखाद्या शेतात जमत, मातीत गोल आखून पैजा लावत. बघ्यांची गर्दी वाढली तसे तिकीट आले, कुंपण आले आणि शर्यती भरवणारे व्यावसायिकही आले.

डेटोनाची वाळू

खेळाचा दुसरा झरा फ्लोरिडातील डेटोना बीच येथे होता. तेथील किनाऱ्याची वाळू ओहोटीला इतकी घट्ट बसते की तिच्यावर मोटार सहज धावते. शेजारच्या ऑर्मंड बीचवर 1903 पासून वेगाचे विक्रम नोंदवले जात होते. मार्च 1935 मध्ये ब्रिटनच्या सर माल्कम कॅम्बेल यांनी डेटोनाला ताशी 276 मैलांचा, म्हणजे सुमारे 445 किलोमीटरचा वेग गाठला. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात ते युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरावर गेले आणि तिथे त्यांनी ताशी 300 मैलांचा टप्पा ओलांडला. यानंतर विक्रमवीरांनी डेटोनाकडे पाठ फिरवली आणि पर्यटकांवर जगणाऱ्या गावाला नवे आकर्षण शोधणे भाग पडले.

नगरपालिकेने सिग हॉगडाल या जुन्या शर्यतपटूच्या मदतीने 8 मार्च 1936 रोजी स्टॉक कारची शर्यत भरवली. मार्ग 3.2 मैलांचा होता. एक बाजू किनाऱ्यावरची वाळू, दुसरी त्याला समांतर डांबरी रस्ता आणि दोन्ही टोकांना वाळूतली वळणे. ही वळणे काही फेऱ्यांतच उखडली, गाड्या रुतू लागल्या आणि ठरलेले अंतर पुरे होण्याआधी शर्यत थांबवावी लागली. मिल्ट मॅरियन विजेता ठरला. नगरपालिकेला सुमारे 22,000 डॉलरचा खड्डा पडला आणि तिने पुन्हा या वाटेला जायचे नाही असे ठरवले. पुढच्या वर्षी एका स्थानिक क्लबने प्रयत्न केला, त्यालाही फायदा झाला नाही.

1936च्या या शर्यतीत पाचवा आलेला चालक म्हणजे बिल फ्रान्स. मंदीच्या काळात वॉशिंग्टन सोडून डेटोनाला स्थायिक झालेला हा उंचापुरा मिस्त्री पेट्रोल पंप चालवत होता. 1938 पासून त्याने किनाऱ्यावरच्या शर्यती स्वतः भरवायला सुरुवात केली आणि त्यांतून पैसा मिळू शकतो हे दाखवून दिले. पण फ्रान्सने आखाडा तयार केला तरी त्यात उतरणारे मल्ल अटलांटाहून येत.

पार्क्स, व्होग्ट आणि दोन चालक

अटलांटातील लेकवुड येथे तळ्याभोवती एक मैलाचा मातीचा मार्ग होता. तिथे नोव्हेंबर 1938 मध्ये झालेली मोठी स्टॉक कार शर्यत लॉइड सी या अठरा वर्षांच्या डॉसनव्हिलच्या पोराने जिंकली. त्याची गाडी रेमंड पार्क्सची होती आणि ती तयार केली होती रेड व्होग्टने. लॉइड आणि त्याचा नातलग रॉय हॉल हे दोघे पार्क्सचे चालक. हे चौघे मिळून जो संघ झाला तो या खेळातला पहिला खरा व्यावसायिक संघ मानला जातो.

पार्क्सचा जन्म 1914 सालचा. चौदाव्या वर्षी तो घरातून पळून गेला, हातभट्टीच्या धंद्यात शिरला आणि विशीतच अटलांटात पैसेवाला झाला. या धंद्यापायी त्याने नऊ महिने तुरुंगाची हवाही खाल्ली. पण शर्यतीच्या मैदानात तो नेहमी सूट-टाय आणि हॅट घालून येई, आणि त्याच्या गाड्या रंग-पॉलिश करून चकचकीत असत. इतर गाड्या डागडुजी करून, दरवाजे पट्ट्याने बांधून आणल्या जात त्या काळात ही गोष्ट डोळ्यांत भरणारी होती. व्होग्टचे अटलांटातील गॅरेज ही तेवढीच नावाजलेली जागा होती. दारू वाहणाऱ्यांच्या गाड्या त्याच्याकडे दुरुस्तीला येत आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्यांच्याही येत.

लॉइडची कारकीर्द जेमतेम तीन वर्षांची. 1941च्या उन्हाळ्याची अखेर त्याने गाजवली. 24 ऑगस्टला डेटोना, 31 ऑगस्टला उत्तर कॅरोलिनातील हाय पॉइंट आणि 1 सप्टेंबरला लेकवुड, अशा तीन शर्यती त्याने जिंकल्या. 2 सप्टेंबरच्या सकाळी भट्टीसाठी उधारीवर घेतलेल्या साखरेच्या हिशेबावरून नात्यातल्याच एका भावाशी त्याचे भांडण झाले आणि त्या भावाने त्याला गोळी घातली. लॉइड तेव्हा 21 वर्षांचा होता. डॉसनव्हिलच्या दफनभूमीत पार्क्सने त्याच्या थडग्यावर शिळा उभारली. तिच्यावर त्याच्या फोर्ड गाडीचे उठावचित्र कोरले आहे आणि गाडीच्या खिडकीच्या जागी, काचेखाली, लॉइडचा फोटो बसवला आहे. स्टॉक कारच्या एखाद्या चालकासाठी उभारलेल्या सर्वांत जुन्या स्मारकांत ही शिळा मोडते. ती मालकाने आपल्या पदरच्या पैशाने घडवली होती. तेव्हा या खेळात स्मारके उभारणारी संस्थाच नव्हती.

महायुद्धाच्या काळात शर्यती बंद पडल्या. त्या सुरू होताच सप्टेंबर 1945 मध्ये लेकवुडला जुना प्रश्न उभा राहिला. गुन्ह्यांची नोंद असलेल्या चालकांना उतरू देऊ नये असा आग्रह शहराच्या कारभाऱ्यांनी धरला. प्रेक्षकांनी रॉय हॉलच्या नावाचा गजर केला, आयोजक नमले आणि शर्यत हॉलनेच जिंकली. त्यावर वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. लोकांना जे चालक हवे होते तेच प्रतिष्ठितांना नको होते, हा पेच या खेळाने पुढे बरीच वर्षे सांभाळला.

नियम, हिशेब आणि कंपनी

युद्धानंतर शर्यती वाढल्या तसा गोंधळही वाढला. प्रत्येक गावाचे नियम निराळे, प्रत्येक संघटनेचा विजेता निराळा. बक्षिसाची रक्कम घेऊन शर्यत संपण्याआधी पसार होणारे आयोजकही होते. यावर उपाय म्हणून बिल फ्रान्सने 14 डिसेंबर 1947 रोजी डेटोनातील स्ट्रीमलाइन हॉटेलच्या गच्चीवरच्या बारमध्ये आयोजक, मालक, मिस्त्री व चालकांची बैठक बोलावली. ती चार दिवस चालली. एकसारखे नियम, गुणतक्ता, हमखास बक्षीस आणि जखमी चालकांसाठी विमा या गोष्टी तिथे ठरल्या. नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग, म्हणजे नॅसकार, हे नाव रेड व्होग्टने सुचवले. पार्क्सही बैठकीला हजर होता.

21 फेब्रुवारी 1948 रोजी नॅसकारची कंपनी म्हणून नोंदणी झाली. सभासदांची संघटना न होता ती खाजगी मालकीची कंपनी झाली आणि सूत्रे फ्रान्स घराण्याकडे गेली. यामुळे शिस्त आली, पैशाचा भरवसा आला. पण खेळाचा इतिहास म्हणजे कंपनीचा इतिहास असे समीकरणही तेव्हापासूनच रूढ झाले.

नोंदणीच्या सहा दिवस आधी, 15 फेब्रुवारीला, डेटोनाच्या वाळूवर नॅसकारची पहिली शर्यत झाली होती. विजेता रेड बायरन, गाडी पार्क्सची, मिस्त्री व्होग्ट. बायरन युद्धात बी-24 बॉम्बफेकी विमानावर होता. अल्यूशन बेटांवरच्या मोहिमेत त्याचा डावा पाय छिन्नविच्छिन्न झाला आणि त्याला 27 महिने रुग्णालयांत काढावे लागले. त्या पायाने क्लच दाबणे शक्य नव्हते, म्हणून क्लचच्या पॅडलवर लोखंडी रिकीब बसवून तिच्यात पाय अडकवण्याची सोय केली गेली. अशा गाडीतून बायरनने 1948चे अजिंक्यपद मिळवले आणि 1949चेही. 1948च्या शर्यती जुन्या, फेरफार केलेल्या गाड्यांच्या होत्या, कारण युद्धानंतर नव्या गाड्या बाजारात पुरेशा आल्या नव्हत्या. 1949 पासून नव्या, फेरफार न केलेल्या गाड्यांची स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि तीच पुढे नॅसकारची मुख्य मालिका बनली. बायरन 1960 मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला.

त्या मालिकेची पहिली शर्यत 19 जून 1949 रोजी उत्तर कॅरोलिनातील शार्लट येथे पाऊण मैलाच्या मातीच्या मार्गावर झाली. 33 गाड्या धावल्या आणि ग्लेन डनअवे सर्वांच्या पुढे आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार आढळला, अगदी दारू वाहणाऱ्यांच्या गाडीत असतो तसाच. त्याला बाद करून कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरला 2,000 डॉलरचे बक्षीस दिले गेले. डनअवेच्या गाडीचा मालक ह्युबर्ट वेस्टमोरलँड याने 10,000 डॉलरचा दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला आणि आपले नियम लागू करण्याचा नॅसकारचा अधिकार मान्य झाला. ज्या युक्त्यांवर खेळ वाढला त्याच आता नियमबाह्य ठरल्या.

स्त्रिया आणि वेंडेल स्कॉट

शार्लटच्या त्या पहिल्या शर्यतीत सारा ख्रिश्चन ही अटलांटाची चालक उतरली आणि तिची गाडी चौदावी आली. पुढच्याच महिन्यात डेटोनाला तिच्यासह एथेल मोबली आणि लुईझ स्मिथ अशा तिघी होत्या. एथेल ही बॉब, फॉन्टी आणि टिम या फ्लॉक बंधूंची बहीण. त्या दिवशी ती अकरावी आली आणि तिने बॉब व फॉन्टी या दोघा भावांना मागे टाकले. ऑक्टोबर 1949 मध्ये पिट्सबर्गजवळच्या शर्यतीत सारा पाचवी आली. दक्षिण कॅरोलिनातील ग्रीनव्हिलची लुईझ स्मिथ 1947 मध्ये नवऱ्याची नवी कोरी फोर्ड घेऊन डेटोनाची शर्यत बघायला म्हणून गेली, तिथे शर्यतीतच उतरली आणि गाडी मोडून परतली. पुढची अनेक वर्षे ती गावोगावच्या शर्यतींत धावत राहिली. 1999 मध्ये अलाबामातील इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

वेंडेल स्कॉटची वाट याहून खडतर होती. व्हर्जिनियातील डॅनव्हिलचा हा कृष्णवर्णीय मिस्त्री गॅरेज चालवी आणि रात्री दारू पोहोचवी. 1952 मध्ये स्थानिक आयोजकांना प्रेक्षक खेचण्यासाठी एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली, तेव्हा पोलिसांनी स्कॉटचे नाव सांगितले. 1961 मध्ये तो नॅसकारच्या मुख्य मालिकेत आला. प्रायोजक नव्हता, म्हणून जुन्या गाड्या स्वतः दुरुस्त करून, मुलांना हाताशी घेऊन तो धावत असे. काही आयोजक त्याला प्रवेशच देत नसत.

1 डिसेंबर 1963 रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलला अर्ध्या मैलाच्या मार्गावर 200 फेऱ्यांची शर्यत होती. स्कॉट आघाडीवर होता, पण विजयाचा झेंडा त्याच्यासाठी हलला नाही. दोन फेऱ्या जास्त मारल्यावरही बक बेकरला विजेता घोषित करून करंडक देण्यात आला. स्कॉटने तक्रार केली. काही तासांनी, प्रेक्षक पांगल्यावर, हिशेबात चूक झाल्याचे मान्य करून त्याला विजयी ठरवले गेले. बक्षिसाचे पैसे मिळाले, करंडक मिळाला नाही. स्कॉट डिसेंबर 1990 मध्ये वारला.

उशिरा आलेला मान

मातीच्या आणि वाळूच्या मार्गांचे दिवस 1950च्या दशकातच सरू लागले. हॅरल्ड ब्रॅसिंग्टनने दक्षिण कॅरोलिनात डार्लिंग्टन येथे सव्वा मैलाचा डांबरी मार्ग बांधला. शेजारच्या जमीनमालकाचे मासळीचे तळे वाचवायचे असल्याने त्याचे एक टोक अरुंद ठेवावे लागले आणि मार्गाला अंड्याचा आकार आला. तिथे 4 सप्टेंबर 1950 रोजी 75 गाड्यांची 500 मैलांची शर्यत झाली. 1959 मध्ये डेटोनाचा अडीच मैलांचा स्पीडवे खुला झाला आणि किनाऱ्यावरच्या शर्यती संपल्या. पार्क्सने तर 1950च्या दशकाच्या सुरुवातीलाच गाड्यांवरचा खर्च थांबवला होता. बक्षिसांतून तो खर्च भरून निघत नव्हता.

आठवण जपण्याचा पहिला ठळक प्रयत्न डार्लिंग्टनलाच झाला. 1964 मध्ये शर्यतीत मरण पावलेल्या जो वेदरलीच्या नावाने तिथे 1965 मध्ये संग्रहालय उघडले. त्याच वर्षी टॉम वुल्फ या पत्रकाराने एस्क्वायर मासिकात ज्युनियर जॉन्सनवर दीर्घ लेख लिहिला. विल्क्स परगण्याचा जॉन्सन 1956 मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला आणि त्याने अकरा महिने तुरुंगवास भोगला होता. नॅसकारच्या मुख्य मालिकेत त्याने 50 शर्यती जिंकल्या. वुल्फच्या लेखामुळे दारू वाहणारा चालक प्रथमच देशभर नायक म्हणून ओळखला गेला. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जॉन्सनला माफी दिली.

शार्लट येथे 11 मे 2010 रोजी नॅसकारचे हॉल ऑफ फेम सुरू झाले. पहिल्या पाच मानकऱ्यांत बिल फ्रान्स, त्याचा मुलगा बिल फ्रान्स ज्युनियर, रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट आणि जॉन्सन होते. दालनासाठी जॉन्सनने स्वतः दारूची एक भट्टी बांधून दिली. ज्या वस्तूमुळे तो तुरुंगात गेला होता ती आता संग्रहालयात आली. मात्र पार्क्स त्या यादीत नव्हता. 1947च्या बैठकीतला हयात असलेला शेवटचा माणूस असे ज्याला म्हटले जात होते तो पार्क्स जून 2010 मध्ये, दालन उघडल्यानंतर काही आठवड्यांत, 96व्या वर्षी वारला. त्याचा समावेश 2017 मध्ये झाला आणि बायरनचा 2018 मध्ये. टिम फ्लॉकला हा मान 2014 मध्ये आणि स्कॉटला 2015 मध्ये मिळाला. स्कॉटच्या कुटुंबाला जॅक्सनव्हिलच्या विजयाचा करंडक नॅसकारने ऑगस्ट 2021 मध्ये दिला, तेव्हा त्या शर्यतीला 57 वर्षे उलटून गेली होती.

संस्थेच्या बाहेर लोकांनी आपापल्या परीने ही स्मृती राखली आहे. डॉसनव्हिलला जॉर्जियाच्या शर्यतपटूंचे स्वतंत्र दालन आहे आणि दर ऑक्टोबरात तिथे हातभट्टीच्या नावाने उत्सव भरतो. उत्तर कॅरोलिनातील हिल्सबरोजवळचा ऑकोनीची हा मातीचा मार्ग 1949च्या पहिल्या हंगामातला. 1968 मध्ये तो बंद पडला, त्यावर झाडी वाढली. 2002 मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंद झाली आणि आज तिथे लोक फिरायला जातात.

लॉइड सीच्या नावावर नॅसकारची एकही शर्यत नाही, कारण नॅसकार स्थापन होण्याच्या सहा वर्षे आधी त्याचा खून झाला. आकडेवारीने थोरवी मोजायची तर तो शून्यावर राहतो. पण 1938 ते 1941 या काळात स्टॉक कारची शर्यत पाहण्यासाठी हजारोंनी तिकीट काढावे अशी ओढ लावणाऱ्यांत तो अग्रणी होता, आणि ती गर्दी नसती तर 1947च्या बैठकीला नियम करण्याजोगे काही उरलेच नसते. 1949 हे साल हिशेबाच्या सोयीचे आहे. खेळाचा आरंभ त्याहून दहा-बारा वर्षे मागे, डेटोनाच्या वाळूत आणि लेकवुडच्या मातीत मानला पाहिजे.